मामाच्या रक्तात कोण बोलतं?

ता. ४ फेब्रुवारी

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. तुझ्या प्रयोगशाळेतून सुखरूप घरी पोचलो. हे पत्र उभ्यानं, कपाटाच्या कप्प्यावर कागद ठेवून लिहितोय, कारण बसण्यासाठी देवानं जी जागा दिली आहे तिथं तुझ्या डॉक्टरांनी सुई घातली आहे. फोन केला असता, पण फोनवर मला ऐकू येत नाही आणि तुला थांबता येत नाही.

डॉक्टर म्हणाले होते, “आजोबा, थोडं ओढल्यासारखं वाटेल.” थोडं? माझ्या कमरेच्या हाडातून माझं बालपण ओढून काढतायत असं वाटलं. पण मी हूं की चूं केलं नाही. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा सुई बघूनच कण्हायला लागला होता. त्याला दाखवून दिलं, मज्जा कशी द्यायची असते. ती नर्स आधी विचारत होती, पूर्वी काही मोठं आजारपण? मी खणखणीत आवाजात सांगितलं, “साधी सर्दीसुद्धा नाही.” तिनं कौतुकानं पाहिलं. निदान मला तरी तसं वाटलं.

इथे आल्यावर न्हाव्याला, दूधवाल्याला आणि तळमजल्यावरच्या शिंप्याला सांगून टाकलं की विज्ञानाला माझी गरज पडली. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी (तू त्यांना मावशी म्हणतेस, मी सध्या काहीच म्हणत नाही) मला लंगडत जिना चढताना गॅलरीतून पाहिलं. काय झालं म्हणून विचारलं नाही. अकरा वर्षांत काही विचारलं नाही, ते काय आता विचारणार. टॉवेल झटकला आणि आत गेल्या. टॉवेल जरा जास्तच झटकला असं माझं मत आहे.

माझ्या मज्जेत तू नेमकं काय शोधतेस ते सोप्या भाषेत कळव. न्हावी रोज विचारतो.

तुझा,
मामा

*

ता. १२ फेब्रुवारी

ती. मामास,

साष्टांग नमस्कार. साष्टांग हा शब्द तुझ्या सध्याच्या अवस्थेला लागू आहे म्हणून मुद्दाम लिहिला.

न्हाव्यासाठी सांगते. आपलं सगळं रक्त हाडांच्या आतल्या मज्जेत तयार होतं. लाल पेशी, पांढऱ्या पेशी, रक्त गोठवणारे बारीक तुकडे, सगळ्यांची मूळ आई एकच: मूळपेशी. शरीरातल्या जवळजवळ प्रत्येक पेशीकडे जनुकांचा सगळा संच असतो, पण प्रत्येक पेशी त्यातली ठरावीकच जनुकं बोलू देते. बाकीची गप्प. कुठल्या पेशीत कोण बोलतंय आणि कोण गप्प आहे, हे एकेका पेशीला कान लावून ऐकायचं, हे माझं काम.

तू जन्मभर नाटकाचा प्रॉम्प्टर होतास, तुला हे पटकन कळेल. समज, प्रत्येक नटाच्या खिशात अख्खी संहिता आहे. पण राजा राजाचीच वाक्यं म्हणतो आणि हुजऱ्या हुजऱ्याची. तशी लाल पेशी फक्त लाल पेशीची वाक्यं म्हणते. मूळपेशी मात्र अशी नटी, जिला अजून भूमिकाच मिळालेली नाही. ती विंगेत उभी राहून सगळ्यांचीच वाक्यं थोडी थोडी पुटपुटते. तिच्या लेकी अर्धवट ठरलेल्या असतात: एका भूमिकेचं पुटपुटणं मोठं होत जातं, बाकीची विरत जातात. म्हातारपणी हे पुटपुटणं कसं बदलतं, हा माझ्या प्रबंधाचा विषय.

त्यासाठी म्हातारी माणसं हवीत, आणि ती मिळत नाहीत. तरुण पोरं प्रमाणपत्र आणि बिस्किटांसाठी रांग लावतात. म्हातारे म्हणतात, तेवढा एकच सांधा धड आहे, तो तरी राहू दे. तू आलास म्हणून आमच्या मॅडम खूश झाल्या. म्हणजे त्यांनी भुवई उचलली. आमच्यात त्यांना ‘पुन्हाकरा मॅडम’ म्हणतात, कारण कुठलाही निकाल समोर ठेवला की त्या दोनच शब्द बोलतात.

ठकी

*

ता. १९ फेब्रुवारी

चि. ठकीस,

समजलं. फार उत्तम समजलं. तुझा बाप पंचेचाळीस वर्षांचा होईपर्यंत मूळपेशीच होता. सगळ्यांची वाक्यं पुटपुटायचा: आज वकील, उद्या कोंबड्या पाळणार, परवा बासरी. तुझ्या आईनं दटावलं तेव्हा कुठे भूमिका ठरली.

एक दुरुस्ती. प्रॉम्प्टर म्हणजे नुसता वाचणारा नव्हे. वाक्य कुणीही वाचेल. नट विसरलाय की विराम घेतोय, हे अंधारात बसून ओळखणं म्हणजे प्रॉम्प्टिंग. विसरला तर तत्काळ द्यायचं, विरामात असेल तर जीभ चावून गप्प बसायचं. हे ज्यांना कळत नाही त्यांनी तिसऱ्या रांगेत बसून नाटक बघावं आणि तोंड बंद ठेवावं. मी कुणाचं नाव घेत नाही. गॅलरीत टॉवेल वाळत घातलाय, एवढंच सांगतो.

माझ्या पेशी काय म्हणतात ते कळव.

मामा

*

ता. ९ मार्च

मामा,

नमस्कार राहू दे. मी संकटात आहे.

तुझ्या नमुन्याचा निकाल आला. स्त्रियांच्या पेशीत एक्स नावाची दोन गुणसूत्रं असतात आणि त्यातल्या एकाला गप्प बसवावं लागतं. ते गप्प बसवण्याचं काम एक जनुक करतं. ते फक्त बायकांच्या पेशींत बोलतं. मामा, तुझ्या प्रत्येक रक्तपेशीत ते मोठमोठ्यानं बोलतंय. आणि जी जनुकं पुरुषाच्या पेशीत बोलायला हवीत त्यांनी तोंडसुद्धा उघडलेलं नाही. नुसतं रक्त बघितलं तर तू बाई आहेस.

मॅडमनी कागद बघितला, चष्मा काढला, पुसला, परत घातला. म्हणाल्या, “नळ्या बदलल्यास.” मी म्हटलं, नाही बदलल्या. त्या म्हणाल्या, ज्या मुलीला मामाची नळी ओळखता येत नाही तिच्या बाकीच्या नमुन्यांवर मी विश्वास का ठेवू? मामा, हा प्रश्न एका नळीचा नाही. एक नळी बदलली असेल तर सगळ्याच बदललेल्या असू शकतात. तीन वर्षांचं काम आहे. एप्रिलअखेर समितीपुढे उभं राहायचंय, त्याआधी हा गुंता सुटला नाही तर काम दुसऱ्याला देणार आणि मी पहिल्यापासून सुरुवात करणार. किंवा करणारच नाही.

म्हणून नीट आठवून सांग. कधी मोठं आजारपण? रक्त दिलं-घेतलं? काहीही?

ठकी

*

ता. १५ मार्च

चि. ठकीस,

पत्र वाचून आधी आरशात पाहिलं. मिशा जागेवर आहेत.

तुझ्या मॅडमना सांग की या गृहस्थाला गेली चाळीस वर्षं सगळे ‘अहो मिशीवाले’ म्हणून हाक मारतात. आजारपण म्हणशील तर तरुणपणी एकदा टायफॉइड झाला होता, जरा लांबला. तो काय, सगळ्यांनाच होतो. दुसरा विचार मनात आला तो असा: मी वर्षानुवर्षं नायिकांचे संवाद पुटपुटलोय, हुंदक्यांसकट. त्यातलं थोडं रक्तात झिरपलं असेल. विज्ञानात असं काही बसतं का बघ.

बाकी, दुसऱ्याला गप्प बसवणं हेच ज्याचं काम, असलं जनुक माझ्या अंगात कुठून आलं असेल याचा विचार करत मी बराच वेळ छताकडे बघत बसलो. छताच्या वर कोण राहतं ते तुला माहीत आहे. पण असो.

एक करू. तू पुन्हा नमुना घे. दुसरी बाजू अजून शाबूत आहे. मी येत्या आठवड्यात येतो. मॅडमसमोर नळीवर माझी सही करतो, म्हणजे कुणाच्या बापाची बदलण्याची हिंमत होणार नाही.

मामा

*

ता. २ एप्रिल

ती. मामास,

तू सही केलेली नळी. मॅडम स्वतः उभ्या. नमुना स्वतः त्यांनी उचलून नेला. निकाल तोच आला. बाईच्या पेशी. आणि वर ते पुटपुटणं म्हातारपणाचं आहे, तुझ्या वयापेक्षाही थोडं पुढचं. म्हणजे तुझ्या कमरेत कुणीतरी म्हातारी बाई राहते.

तुला वाटेल, आता मी सुटले. नाही. आता मॅडम म्हणतात की माझ्याच हाताच्या पेशी नळीत पडल्या. माझ्या हातांना म्हातारी म्हणणं हा वेगळा अपमान, तो मी गिळला. माझं रक्त तपासा म्हटलं. तपासलं, माझं नाही. तर म्हणाल्या, मग कुणाचं ते तूच सांग, तोपर्यंत यंत्राला हात लावायचा नाही. सध्या मी बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवते. चिठ्ठ्या फार सरळ चिकटवते, असं शिपाई म्हणाला.

तू काही लपवत नाहीस ना? मी मावशीलाही पत्र टाकलंय. तुमचं बोलणं नाही हे माहीत आहे, पण तुझ्या तरुणपणाची साक्षीदार तीच एक उरली.

ठकी

*

ता. ८ एप्रिल

चि. ठकीस,

मावशीचे आशीर्वाद. तुझं पत्र पोचलं. बाळ्याच्या, म्हणजे तुझ्या मामाच्या, आजारपणाबद्दल विचारलंस. त्याबद्दल मी एक अक्षर सांगणार नाही. त्यानं मला तसं बजावलंय आणि मी शब्दाची पक्की आहे. आयुष्यभर टेलिफोन एक्स्चेंजात बसले, हजारो लोकांना जोडून दिलं आणि मधे कधी ऐकलं नाही. निदान ऐकलेलं सांगितलं नाही.

तेव्हा मी बाळ्याबद्दल न बोलता फक्त माझ्याबद्दल लिहिते. त्याला कुणाची मनाई नाही.

मला कधी काही आजार नव्हता. तरीही ऐन तिशीत मी एका मोठ्या इस्पितळात पालथी पडले होते आणि माझ्या कमरेच्या हाडातून, दोन्ही बाजूंनी, डॉक्टर मज्जा काढत होते. बाटल्याच्या बाटल्या. ती मी काही हौसेनं देत नव्हते. पलीकडच्या काचेच्या खोलीत कुणीतरी पडलं होतं, ज्याच्या हाडातला रक्ताचा कारखाना बंद पडला होता. कोण ते सांगणार नाही. केस गेले होते आणि भुवयाही, त्यामुळे ओळखू येत नव्हतंच. तुझ्या आईचं रक्त तपासलं, जुळलं नाही. माझं जुळलं. घरी ठरलं की बाहेर टायफॉइड सांगायचं, नाहीतर मुलाला मुलगी कोण देणार. मुलगी काही मिळाली नाही, पण टायफॉइड पक्का झाला.

मी ती गोष्ट पुढे एकदाच काढली, रंगमंचामागे, चारचौघांत. त्याचं काय झालं ते तुला माहीत आहे. अकरा वर्षं मला त्याच्या चपलांचा आवाज तेवढा ऐकू येतो.

आता तुझ्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नाही, मला काही माहीत नाही.

तुझी,
मावशी

*

ता. १३ एप्रिल

मामा,

मावशीनं काहीच सांगितलं नाही, आणि ते फार स्पष्ट सांगितलं.

मी आधी रडले, मग हसले, मग बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. अरे, मी बदनाम होत होते आणि तू मला मिशा दाखवत होतास? माझ्यापासून लपवलंस याचा राग नाही, मी तेव्हा जन्मलेही नव्हते. नर्सला “साधी सर्दीसुद्धा नाही” म्हणालास याचा आहे. तिनं तुला त्याच दाराने परत पाठवलं असतं, आणि मी आज यंत्रापाशी असते.

तुझ्या मनात काय आहे ते मला ठाऊक आहे: चाळीस वर्षांपूर्वीची मज्जा, ती कधीच संपली, उसनी साखर डब्यात किती दिवस राहणार. मामा, ती साखर नव्हती, ते झाड होतं. मावशीच्या मूळपेशी तुझ्या हाडांत जाऊन रुजल्या आणि तेव्हापासून रोज तुला रक्त करून घालतायत. तुझं सगळं रक्त आजही मावशीचं आहे. ती तुझ्याहून मोठी, म्हणून तुझं रक्तही तुझ्याहून मोठं. त्याला अहोजाहो करायला हरकत नाही.

आता काम ऐक. नुसत्या सांगण्यावर मॅडम विश्वास ठेवत नाहीत. मावशीचा नमुना हवा. तुझा आणि तिचा शेजारी शेजारी ठेवून दाखवलं की विषय संपला. मावशीला विचारलं. ती येईन म्हणते, एका अटीवर: तू वर जाऊन तिला स्वतः सांगायचं. नुसतं “ये” नाही. तिला एक वाक्य ऐकायचंय. कुठलं, ते म्हणे तुला ठाऊक आहे.

समिती ३० तारखेला बसते.

ठकी

*

ता. १८ एप्रिल

चि. ठकीस,

मी गेलो होतो. आधी पायरीवर बसून विचार केला, कारण आता दोन्हीकडून बसता येतं.

आधी तुला त्या रात्रीचं सांगतो, म्हणजे दोष कुणाचा ते ठरव. शेवटचा अंक. न्यायाधीश आरोपीला म्हणतो, “मी तुला…” आणि थांबतो. मोठा विराम. मी चौदा प्रयोगांत तो विराम मोजला होता. सभागृहात कुणी श्वास घेत नाही. आणि तिसऱ्या रांगेतून आपल्या मावशी खणखणीत आवाजात म्हणतात, “मुक्त करतो!” टाळ्या. नटाला टाळ्या नाहीत, हिला टाळ्या. ती घरी माझ्या तालमी ऐकायची, तिला सगळं पाठ. तिला वाटलं, नट विसरला आणि बाळ्या झोपला. मी झोपलो नव्हतो. तो विराम होता. आणि पडदा पडल्यावर मागे येऊन सगळ्या नटांसमोर म्हणते, “रक्त माझंच आहे ना याच्यात, ओळ मलाच आठवणार. माझ्यामुळे तर जिवंत आहे हा.” हसले सगळे. तो विषय पुन्हा काढलास तर माझ्याशी बोलू नकोस, असं मी म्हणालो. तिनं विषय सोडला नाही, बोलणं सोडलं.

तर काल गेलो. दार उघडलं. मी म्हणालो, “ठकीला तुझं रक्त हवंय.” ती म्हणाली, “तुला हवं होतं तेव्हाही डॉक्टरांनाच पाठवलं होतंस. स्वतः नव्हता आलास.” मी म्हणालो, मी काचेच्या खोलीत होतो, कसा येणार? ती म्हणाली, नंतर आला असतास. आणि दार लावलं. आपटलं नाही, लावलं. ते जास्त लागतं.

तिला जे वाक्य हवंय ते मला माहीत आहे. मी हजारो वाक्यं दुसऱ्यांना दिली, ठकी, पण हे एक माझ्या घशात अडकतं. तुझ्या समितीला सांग, मामाला टायफॉइड झालाय.

मामा

*

ता. २१ एप्रिल

मामा,

समितीला मी काहीही सांगू शकते, पण चिठ्ठ्या चिकटवायच्या बाटल्या संपल्या आहेत.

ठकी

*

ता. ७ मे

ती. मामास आणि मावशीस, दोघांना एकच पत्र, कारण रक्तही एकच,

तुम्ही दोघं बसमधून वेगवेगळ्या दारांनी उतरलात पण पिशवी एकच होती, हे मी खिडकीतून पाहिलं. तेव्हा काही विचारलं नाही. मावशी पालथी पडायच्या आधी डॉक्टरांना म्हणाली, “घ्या, सवय आहे.” डॉक्टरांनी तिचं वय कागदावर पुन्हा तपासलं.

आता निकाल. तुमच्या दोघांच्या पेशी शेजारी ठेवल्या. एकाच बाईच्या. मॅडमनी कागद बघितला. चष्मा काढला नाही. मी “पुन्हा करा”ची वाट बघत उभी होते. त्या म्हणाल्या, “बस.” मी बसले. आमच्या प्रयोगशाळेत बस म्हणण्याची ही पहिलीच वेळ आहे. एक मुलगा तर उभा राहिला.

पुढचं ऐका. एकाच बाईच्या मूळपेशी, चाळीस वर्षं दोन वेगळ्या शरीरांत. मॅडमच्या मते अशी जोडी शोधून सापडत नाही. पुटपुटणं बहुतेक सारखंच, पण मामाच्या हाडांतल्या पेशी थोड्या जास्त म्हाताऱ्या झाल्यात. साहजिक आहे: मूठभर पेशींना बंद पडलेला सगळा कारखाना शून्यातून उभा करावा लागला. मावशीला हे सांगितलं तर म्हणाली, “मी नव्याकोऱ्या दिल्या होत्या. बघ कशा वापरल्यान्.”

समितीनं काम माझ्याकडेच ठेवलं. प्रबंधात एक नवं प्रकरण आलं. त्यात तुमची नावं नाहीत, क्रमांक आहेत. मामा, तुझा क्रमांक मावशीच्या नंतरचा आहे, रागावू नकोस.

आता एकच राहिलं. त्या शेवटच्या आठवड्यात चौथ्या मजल्यावर मावशीकडे काय झालं? मावशीला विचारलं तर म्हणते, ते त्याला विचार, बोलणारा तो होता.

ठकी

*

ता. १५ मे

चि. ठकीस,

अनेक आशीर्वाद. “वापरल्यान्” काय? रोज तीन जिने, दोन प्रयोग आणि एक न्हावी, एवढं त्या पेशींनी माझ्यासाठी केलं. तिच्याकडे राहिल्या असत्या तर टॉवेल झटकत बसल्या असत्या. हे मी तिला तोंडावर सांगितलं. सध्या ती माझ्याकडे संध्याकाळी येते आणि आम्ही भांडतो. तळमजल्यावरचा शिंपी म्हणाला, बरं झालं, घरात माणसांचा आवाज आला.

आता तुझा प्रश्न. तुझं ते एका ओळीचं पत्र आलं त्या दिवशी मी वाक्य पाठ केलं. हसू नकोस. खोलीत फेऱ्या मारत, भिंतीकडे बघत, पाठ केलं. छोटंसं वाक्य. मग मिशा विंचरल्या आणि वर गेलो.

तिनं दार उघडलं. मी आत गेलो, खुर्चीवर बसलो नाही, तिच्यासमोर उभा राहिलो. पंखा चालू होता. तिच्या टेबलावर जुना टेलिफोन आहे, तो बंद आहे पण ती पुसते.

मी म्हणालो, “तायडे, तुझ्यामुळे मी…”

आणि पुढचं गेलं. डोकं रिकामं. समोर तिचा चेहरा आणि मागे पंखा. ठकी, मी आयुष्यभर नटांचे ते डोळे पाहिले आहेत, विंगेकडे वळलेले, भेदरलेले. ते डोळे आता माझे होते आणि विंगेत कुणी नव्हतं.

ती ओठ घट्ट मिटून उभी होती. वाक्य तिला पाठ होतं, तिचंच तर होतं, आणि तिच्या गालातून ते बाहेर यायला धडपडत होतं. तरी ती थांबली. इतकी थांबली की मला वाटलं, आता टाळ्या वाजतील. शेवटी तिनं हळूच, अंधारात बसलेल्या माणसाच्या आवाजात, विचारलं:

“विराम आहे की विसरलास?”

मी म्हणालो, “विसरलो.”

तेव्हा कुठे तिनं दिलं. “जिवंत आहे.”

मी तेच म्हणालो.

तुझा,
मामा